पहिल्या बेलला न उघडणारं दार

कुणावरही विश्वास न ठेवणारी माणसं जगात पोत्यानं मिळतात, पण अविश्वासाचा धंदा इतक्या सचोटीनं केलेला माणूस मी एकच पाहिला. नाशिक रोडला राहायचे. माझे ते कुणी लागत नव्हते, तरी मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणायचे. त्यांनी ते चिडवायला सुरू केलं होतं. पण सायखेड्यात आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे त्या हाकेला मी दर वेळी छाती पुढं काढूनच ओ दिली. हा गडी चिडत नाही, उलट खूश होतो, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. हाक तोंडात बसली होती.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या नाशिकच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघायचो. परदेशातली गिऱ्हाइकं ईमेलवर बोलायची आणि आमचं ईमेल काकांच्या घरातून ये-जा करायचं. सरकारी नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या कपाटात मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलची ने-आण करणारा कॉम्प्युटर, बसवला होता. कपाटातच का, तर म्हणे घरात वारा तेवढ्याच कोपऱ्यात खेळतो. डबे हलले ते पलंगाखाली गेले. पलंगाखाली आधीच ट्रकच्या बॅटऱ्या होत्या, त्यामुळे तूरडाळ आणि बॅटऱ्या एकाच चादरीआड सुखानं नांदत होत्या. लोडशेडिंगमध्ये सगळ्या कॉलनीत अंधार व्हायचा, काका स्वतः घामानं निथळत बसायचे, पण कपाटातला हिरवा दिवा लुकलुकत राहायचा. शेजारचे एकदा म्हणाले, “अहो, त्यातली एक वायर पंख्याला जोडा की.” काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू देवळात चपला घालून कुणी आलंय. “पंखा कुणाची पत्रं आणतो?” म्हणाले.

त्यांचं काम म्हणजे बाहेरून येणाऱ्या ढिगातली खोटी पत्रं दारातच ओळखायची आणि आम्हा गिऱ्हाइकांपर्यंत पोचू द्यायची नाहीत. त्या दिवसांत खोट्या पत्रांना नुसता ऊत आला होता. लॉटरी लागल्याची, ताकदीच्या गोळ्यांची, आणि परागंदा राजपुत्रांची, ज्यांना आपला खजिना सांभाळायला सायखेड्याच्या माणसाशिवाय जगात कुणी भेटत नव्हतं. काकांकडं त्यावर पुष्कळ औषधं होती, पण लाडकं एकच. अनोळखी सर्व्हर पत्र घेऊन आला की त्याला सांगायचं, ‘आत्ता नको, थोड्या वेळानं या.’ खरा असतो तो थांबतो आणि परत येतो. खोट्याला लाखो दारं हिंडायची असतात, त्याला थांबायला सवड नसते. “खरा माणूस परत येतो, ग्रॅज्युएट,” काका सांगायचे. “भामटा पुढचं दार बघतो.”

इथवर कुणाची हरकत नव्हती. पण काकांनी हाच नियम घराच्या दाराला लावला होता. पहिल्या बेलला ते उघडायचेच नाहीत. गॅसवाल्याला हे ठाऊक होतं. तो बेल वाजवून शेजारच्या बिल्डिंगमध्ये सिलिंडर टाकून परत यायचा. मला कोण सांगणार? पहिल्यांदा गेलो तेव्हा बेल वाजवली, आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि दार बंदच. कंटाळून समोरच्या टपरीवर गेलो, चहा घेतला, पुन्हा वर आलो. या वेळी दार उघडलं. “या. चहा झाला ना?” मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. “सगळे तिथंच थांबतात,” काका म्हणाले. “तो टपरीवाला माझ्यावर जगतो.”

ऐन हंगामात एकदा युरोपातल्या एका नव्या गिऱ्हाइकाचं पहिलंच पत्र काकांच्या दारात अडकलं. इकडं पॅकहाउसमध्ये माल भरून कंटेनर उभा, तिकडं गिऱ्हाईक फोनवर म्हणतंय, पत्र पाठवलंय. आमच्या शेठनी मला पिटाळलं. “त्या म्हाताऱ्याला म्हणावं, द्राक्षं हायेत ती, कांदे नाय. वाट बघत नाय बसत.” मी धापा टाकत नाशिक रोड गाठलं. आणि नियम तो नियम, आधी बेल, मग चहा, मग पुन्हा बेल. तेवढ्या वेळात पत्र येऊन आमच्या ऑफिसात पोचलंही होतं. काका शांतपणे म्हणाले, “बघा. तोही परत आला आणि तुम्हीही.” शेठना मी हे जसंच्या तसं सांगितलं नाही.

त्यांचा दुसरा नियम आणखी कडक होता. इंटरनेटवर सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सापडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण काकांना उलटंही लागायचं. पत्त्यावरून नाव सापडलं पाहिजे, आणि दोन्ही जुळली पाहिजेत. ज्याची उलटी नोंद नाही त्याचं पत्र घ्यायचं नाही, तो कितीदा का परत येईना. मला हे समजावून सांगायला त्यांना तासभर लागेल असं वाटत होतं. मी म्हटलं, काका, हे आमच्या पारावर रोज चालतं. नवा माणूस गावात आला की त्याच्या नावावर कुणाचं समाधान होत नाही. ‘कोणाचा रं तू? मळा कुठला?’ मळा सांगितला की मग मळ्यावरून बाप काढायचा, आणि तो जुळला तरच पाणी विचारायचं. काका कितीतरी वेळ हसले. “तुमचा पार माझ्या आधीपासून धंद्यात आहे,” म्हणाले.

घरात ते एकटेच. काकू मी जायला लागण्याच्या आधीच गेल्या होत्या. मात्र काकूंच्या नावानं शालिमारच्या एका साडीच्या दुकानाचं दिवाळीचं कार्ड दर वर्षी यायचं, लग्नपत्रिकांवर दोघांचंही नाव असायचं. मी एकदा म्हणालो, त्या दुकानाला कळवून टाकू का? काकांनी कार्ड पुसल्यासारखं करून सर्व्हरच्या कपाटावर ठेवलं. “राहू द्या. नोंद बदलली तरी जगाला लगेच कळत नाही. जुनी नोंद लोकांनी आपापल्याकडं ठेवलेली असते. ती संपेपर्यंत चालायचंच.” हे त्यांनी त्यांच्या धंद्याच्याच आवाजात सांगितलं.

एकुलती मुलगी न्यूझीलंडला. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं आणि काका मोठ्या तोऱ्यात सांगायचे, “मी पत्रिका पाहिली नाही, जात विचारली नाही. मुलगा कोण, कुठला, चकार शब्द काढला नाही.” त्या जावयानं तिकडं स्वतःची छोटी कंपनी काढली, मुलगी त्यातच काम करू लागली आणि कंपनीच्या पत्त्यावरून बापाला पत्रं लिहू लागली. जावयाच्या सर्व्हरला उलटी नोंद नव्हती.

तिचा फोन आला तेव्हा मी तिथं बसलो होतो. आवाज एवढा मोठा, की ऐकू येऊ नये म्हणून मला खिडकीशी जावं लागलं, तरी ऐकू आलंच. “बाबा, माझी पत्रं तुम्ही परत पाठवताय.”

“मी नाही, नियम पाठवतो. जावयांना सांग, नोंद करून घ्या. छोटं काम आहे.”

“तो म्हणतो, बाकी सगळ्यांना पोचतात. तुम्हालाच काय झालंय? एवढी माझी तरी येऊ द्या.”

“तुझ्यासाठी उघडलं तर मग नियम कसला?”

“मग फुकटच्या पत्त्यावरून लिहू?”

“ते पत्ते मी घेत नाही. तुला माहीत आहे.”

मग ती म्हणाली, “बाबा, लग्नात विचारलं नाहीत ते आता विचारताय का?” आणि फोन ठेवला. काका रिसीव्हर हातात धरून उभे. मी म्हणालो, “काका, सोडा की एवढं एक. पोरगी आहे.” ते म्हणाले, “फोन परत करेल. खरा माणूस परत येतो.” पण ते माझ्याकडं बघून बोलत नव्हते.

तिनं परत केला नाही.

मग दिवसच बदलले. बड्या कंपन्या गाळणीसकट फुकटात मेल देऊ लागल्या. पिंपळगावची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं गेली. शेवटी आमचे शेठही गेले, त्यांचा मुलगा म्हणाला, “पप्पा, त्या काकांच्या कपाटात काय आपला धंदा ठेवायचा?” मला ते बोलणं लागलं, पण मी पगारी माणूस. पुढं माझी नोकरीही बदलली आणि नाशिक रोडला जाणं मागं पडलं.

कितीतरी दिवसांनी स्टेशनला काम निघालं म्हणून काकांकडं वळलो. टपरी दिसली. आधी बेल वाजवून येऊ, मग चहा घेऊ, असं ठरवून वर गेलो. बेलवरचं बोट काढायच्या आत दार उघडलं. मी दचकलोच. काका दारात, वाळलेले, दाढी वाढलेली. माझ्या मागं कुणी आहे का ते त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, “या, ग्रॅज्युएट.”

स्वयंपाकघरात कपाट तसंच, दिवा तसाच. पडद्यावर मात्र पत्रांचा नुसता लोंढा वाहत होता. लॉटऱ्या, गोळ्या, राजपुत्र, सगळे आत. मी म्हणालो, “काका, हे काय? फिल्टर बंद पडला?”

“बंद केला.”

“सगळा?”

“सगळा. अर्धा उघडून काय उपयोग?”

“अहो, तिच्या कंपनीपुरतं उघडलं असतं तरी झालं असतं.”

“तिथूनच लिहील कशावरून? पत्ता बदलला असेल. फुकटच्या पत्त्यावरूनही लिहील. कुठून येईल मला काय माहीत?” मग खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले आणि एकेक पत्र उघडून, वाचून, बाजूला टाकू लागले. ज्या माणसानं सबंध जिल्ह्याच्या व्यापाऱ्यांना असलं एक पत्र दिसू दिलं नव्हतं, तो आता ती सगळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत होता. माझा चेहरा बघून त्यांना माझीच कीव आली असावी. “माणसं तशी वाईट नाहीत,” ते म्हणाले. “हा राजपुत्र बघा. मागच्या खेपेला हाच विधवा राणी होता. मधे बरेच दिवस आला नाही तर मला चुकल्यासारखं झालं.”

मी विचारलं, “पण तिला सांगितलंत का, दार उघडंय म्हणून?”

“फोन केला होता. जावईबापूंनी घेतला. ती कामात होती. म्हटलं, निरोप द्या.”

“मग?”

“दिला असेल.” त्यांनी पुढचं पत्र उघडलं. “जगाला कळायला वेळ लागतो.”

साडीच्या दुकानाचं कार्ड अजून कपाटावरच होतं, त्यावर बाकी काही ठेवलेलं नव्हतं. निघताना मी म्हणालो, चहा घेऊन परत येतो. म्हणाले, “टपरीवाला आता मला शिव्या देत असेल. गिऱ्हाईकच तोडलं त्याचं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी त्यांना पत्र लिहिलं. काका, तब्येतीला जपा, दाढी करा, एवढंच. माझा हा पत्ता त्यांच्या सर्व्हरला नवा होता. पूर्वी असं पत्र त्यांच्या उंबऱ्यात घटकाभर तिष्ठलं असतं. या वेळी ते कुठंच थांबलं नाही. आणि मी खुर्चीत नीट मागं टेकायच्या आत उत्तर आलं. ‘मिळालं. विषयाची ओळ रिकामी सोडू नये, ती भामट्यांची खोड आहे.’

मी विषयाच्या ओळीत ‘ग्रॅज्युएटकडून’ असं लिहिलं आणि तेच पत्र परत पाठवलं.