अप्पाच्या ट्विटरवरचं कुंकू

आज सकाळी अप्पा गेला.

आमच्या चाकूरचा रेडिओ दुरुस्तीवाला. माझा, इथल्या शाळेतल्या मास्तरचा, जुना दोस्त.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचं तळं पार आटलं. कुठल्या गावाला कुठल्या वारी टँकर, हे मैदानावर सभेत वाचून दाखवणार होते. भोंगे नांदेडहून यायचे होते.

अप्पा आडवा आला. गावात मी असताना भोंगे कशाला म्हणाला. शब्द कळला नाही तर दुकानाला कुलूप, असंही चारचौघांत बोलून बसला.

जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज ट्विटरला, म्हणजे छोट्या स्पीकरला, वाटून देतो तो क्रॉसओव्हर. कॉइल आणि कंडेन्सरचा. तो अप्पाला स्वतः बनवायचा होता.

"डब्यावर छापलेले आकडे न्हाई चालत, गुरुजी. ह्यो स्पीकर सोता काय म्हन्तो ते बघू."

म्हणून आम्ही कोरड्या तळ्यात उतरलो. तिथं भिंत नाही, आवाज आपटून परत येत नाही. भेगाळलेल्या मातीत बांबू रोवून एकेक स्पीकर टांगला. अप्पा एकेक सूर सोडायचा, मीटर वाचायचा. मी आकडे लिहायचो.

मधेच मी शाळेतली कविता म्हणायला लागायचो.

"गप बसा. तुमच्या आवाजानं सुई हलायलीय."

मग आठ दिवस ग्राफ पेपर. कॉइल बदल, पुन्हा गणित. सोल्डरिंगच्या आधीच अप्पानं तो डबा कागदावर वाजवून पाहिला. शेवटी रेघ सरळ आली, म्हणजे सगळे सूर सारखे.

सभेला एक तास उरला.

मी मागच्या रांगेत. अप्पानं माईकवर गावांची नावं वाचली.

आवाज दणदणीत. पण शब्दांना धारच नाही. च, त, स कुठंतरी बुडत होते.

मी हात हलवून नाही म्हटलं.

मंडपातून कुणी विचारलं, "अप्पा, कुलूप आणलंय का?"

अप्पा घामाघूम. वही उघडून रेघेकडं बघत राहिला. "कागद खोटं बोलत न्हाई, गुरुजी. मंग मीच चुकलो."

तेवढ्यात वहिनी, अप्पाची बायको, तांब्या घेऊन आल्या. स्पीकरच्या उघड्या पेटीत डोकावल्या.

"अगंबाई, दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून हाय की."

अप्पाचा हात थांबला.

प्लसची लाल खूण समजून त्यानं जिथं वायर जोडली, ते वहिनींच्या पूजेचं कुंकू होतं. दोन्ही ट्विटरला, उजव्या टोकावर. अंगठ्यानं पुसलं, गेलं. कंपनीचा फिकट ठिपका डाव्या टोकावर होता.

मोठा स्पीकर हवा पुढं ढकलायचा तेव्हा ट्विटर मागं ओढायचा. दोघांची हद्द जिथं मिळते, नेमकं तिथंच एकमेकांना खात होते. तळ्यात दोघांना वेगवेगळं मोजलं, म्हणून कळलंच नाही.

वायरी उलटल्या.

"मागं येतंय का, गुरुजी?"

आलं. शेवटच्या अक्षरापर्यंत.

वहिनी कोपऱ्यात शरमेनं चूर होऊन उभ्या. अप्पा एवढंच म्हणाला, "दर दसऱ्याला लाव. पर मी दावतो तिथंच."

गेल्या दसऱ्यापर्यंत दर वर्षी तो बोटानं जागा दाखवत होता.

आज मातीहून आल्यावर वहिनींनी दुकान उघडायला लावलं. बाकावर एक नवा ट्विटर होता. त्यांनी कुंकवाचा करंडा मागवला. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

वहिनींनी चष्मा लावला, खूण शोधली, आणि नेमकं प्लसवर कुंकवाचं बोट टेकवलं.

मग दुकानाला कुलूप मी लावलं.

अप्पा, मी मागच्या रांगेतच उभा आहे. ऐकू येतंय. जा निवांत.