भिजवलेलं चाक

युरोपातल्या त्या शर्यतीचे फोटो कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की माझं डोकं फिरतं. फोटोत मी दात काढून हसतोय. त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

गाडी आमच्या कफीलची, म्हणजे कुवेतमधल्या ज्या मालकाच्या व्हिसावर आम्ही राबायचो त्याची. शंभर वर्षांहून जुनी, अमेरिकेत बनलेली शर्यतीची गाडी. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढे अवाढव्य इंजिन आणि लाकडी आऱ्यांची चाकं. तिच्या ऐन उमेदीत ती बोटीने फ्रान्सला गेली होती म्हणे, तिथल्या गाड्यांशी टक्कर घ्यायला, आणि निम्म्या वाटेत बंद पडली. आता कफीलला तिला त्याच रस्त्यावर पुन्हा पळवायची हौस आली. असल्या गाडीत सीटं दोन. एक ड्रायव्हरची, दुसरी मेकॅनिकची, कारण कुणीतरी हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवा भरत राहिलं नाही तर इंजिन बसतं. ती दुसरी सीट मला मिळाली होती. दोन वर्षं मी त्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून काढली होती, ती सीट मला हवीच होती.

चाकं चाचाने बांधली होती. चाचा रत्नागिरीच्या खाडीकडचा सुतार, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. कुवेतच्या जलीब भागात आम्ही एकाच खोलीत राहायचो. माझं नातं काही नाही, पण मी आजारी पडलो की पेज तोच करायचा.

गाडी पाठवायला तीन दिवस उरले आणि मागची चाकं वळणावर कुरकुरायला लागली. इथल्या कोरड्या हवेत लाकूड आखडलं होतं. चाचाला सांगितलं असतं तर त्याने चाकं उकलून पुन्हा बांधली असती. आठवडा गेला असता, कार्गो चुकलं असतं, सीट गेली असती. म्हणून मी सांगितलं नाही. शुक्रवारी तो हवल्लीला बहिणीकडे जेवायला गेला आणि मी ती दोन चाकं गाड्या धुवायच्या हौदात टाकली, वर ओली पोती. माझा बाप मच्छीमार. उन्हाने फटी पडलेली होडी तो पाण्यात बसवून ठेवायचा, फळ्या फुगायच्या, गळती बंद. दुसऱ्या दिवशी चाकं दगडासारखी घट्ट झाली. गॅरेजच्या मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली.

अरे गाढवा, होडी पाण्यातच राहते! चाक राहतं का? फुगलेला आरा लोखंडी धावेत चेपतो, आणि सुकला की आधीपेक्षाही बारीक होतो. एवढी साधी गोष्ट या टाळक्यात शिरली नाही.

फ्रान्सला पोचल्यावर शर्यतीच्या गाड्या तपासणारा एक म्हातारा आला. बोटाच्या पेराने एकेक आरा वाजवत मागच्या चाकाशी थांबला आणि आरा हाताने खुळखुळवून दाखवला. हे कुणी पाण्यात घातलं, असं त्याने विचारलं आणि या चाकांवर गाडी सोडणार नाही म्हणाला. मॅनेजर लालबुंद. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, मी पडलो इंजिनवाला. त्याने तिथूनच कुवेतला गॅरेजमध्ये फोन लावला, स्पीकरवर.

"पहिये पानी में किसने डाले?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण आधी चाचाचा आवाज आला, "मैंने डाले, साब."

"खलास. तेरा इकामा कॅन्सल." राहायचा परवानाच रद्द, म्हणजे चाचाची नोकरीही गेली.

आणि मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

गाडीबरोबर आलेल्या सामानाच्या खोक्याच्या तळाशी मागच्या चाकांचा दुसरा जोड निघाला. चाचाने बांधलेला, कोरडा, ठणठणीत. वल्हं नेहमी एक जादा घ्यावं ही होडीवाल्यांची रीत, म्हणून त्याने तो कुणाला न विचारता भरला होता. ज्याला हाकलला त्याच्याच चाकांवर गाडी पास झाली, आणि मॅनेजरला त्याची लाजही वाटली नाही.

दुपारी मी चाचाला फोन केला. "तू का बोललास? तुला तर ठाऊकच नव्हतं!"

"ओली पोती मी शनवारीच बघितली रे. पण खोका तवर बंद झालेला. आणि आज तू काय करणार होतास? तुझा पासपोर्ट मॅनेजरच्या खिशात. परमुलखात रस्त्यावर काढला असता तुला. मी आपला माझ्या खोलीवर हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी आपणच दोरी गळ्यात घालून घेतो! मी त्याच्यावर ओरडलो. त्याने मला एक शिवी दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते. तो चिडलाच नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. सकाळी मॅनेजरला सगळं सांगायचं, असं मी ठरवलं.

सकाळी इंजिन सुरू झालं. मी सीटवर चढलो, पंप मारायला लागलो. दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवत होते, वारा तोंडावर येत होता, चाकं कुठेही कुरकुरत नव्हती. तेवढा वेळ चाचा माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. मला मजा आली. आयुष्यात एवढी मजा मला कधीच आली नव्हती.