चिओमन ग्रहाचे प्रमुख

निवडणूक हरलेली माणसं काय करतात? कुणी देवधर्माला लागतं, कुणी कोंबड्या पाळतं. इंडोनेशियात, बांडुंगमधल्या आमच्या गल्लीचे अबाह ओमन, म्हणजे ओमनआजोबा, मात्र सरळ दुसऱ्या ग्रहावर निघून गेले.

वीसेक वर्षं अबाह गल्लीचे प्रमुख होते. पाहुणा कुणाकडेही येवो, चोवीस तासांच्या आत अबाहंच्या ओसरीवर येऊन नोंद करायची. तसा नियम सगळ्या देशातच आहे, पण बाकीचे प्रमुख तो पाटीवर लिहून सोडून देतात. अबाह तो पाळायला लावत. नवरीकडच्या वऱ्हाडाला त्यांनी भर मांडवातून नोंदीसाठी उठवलं, तेव्हा गल्लीने मनाशी काय ते ठरवलं. पुढच्या खेपेला भजी तळणारी बू कोकोम, म्हणजे कोकोमबाई, निवडून आली. तिने प्रचार असा केलाच नव्हता. नुसती भजी तळली होती.

त्यानंतर अबाह घराबाहेर पडेनात. त्यांची बायको बू एंतिन कंटाळून शेजारच्या लिलिसला म्हणाली, "नेंग, पोरी, यांना काहीतरी खेळ लावून दे गं. दिवसभर माझ्या भातावर देखरेख करतात."

लिलिस खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला. तिने अबाहंना अवकाशाचा एक परदेशी खेळ लावून दिला. यान घ्यायचं, हव्या त्या ताऱ्याकडे जायचं, आणि ज्या ग्रहावर आपण पहिले पोचलो त्याला नाव द्यायचं. ग्रह मोजता येणार नाहीत इतके.

"एवढे सगळे बनवले कुणी?" अबाहंनी विचारलं.

"कुणीच नाही, अबाह. एक आकडा असतो आणि एक सूत्र. आकडा सूत्रात घातला की डोंगर, गवत, जनावरं आपोआप तयार होतात. जनावरांचं तोंड एकाचं, पाय दुसऱ्याचे."

"म्हणजे कुणाचं लक्षच नाही," अबाह म्हणाले, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा उजळला.

त्यांना एक तांबडा, कोरडा, वाऱ्याचा ग्रह मिळाला. त्यांनी नाव ठेवलं चिओमन. आमच्याकडे 'चि' म्हणजे पाणी. ग्रहावर पाण्याचा थेंब नव्हता, पण गावांची नावं इकडे 'चि' लावूनच पडतात, त्याला कोण काय करणार. तिथे अबाहंनी गस्तीची चौकी बांधली आणि बाहेर उंच खांबावर ठळक पाटी लावली : 'पाहुण्यांनी चोवीस तासांत प्रमुखांकडे नोंद करावी.' रहिवासी म्हणजे बोकडाच्या तोंडाची, बदकाच्या पायांची आणि पाठीवर फणस उगवलेली जनावरं. आज्ञाधारक होती बिचारी. मत देत नव्हती. त्यातल्या सगळ्यात गलेलठ्ठ, सारख्या बुडबुडे सोडणाऱ्या जनावराचं नाव त्यांनी ठेवलं कोकोम.

इकडे पृथ्वीवर बू एंतिनचा भाऊ देडे महिनाभर पाहुणा येऊन राहिला होता. त्याची नोंद काही झाली नव्हती. "त्या भजीवालीच्या दारात मी जाऊ?" अबाह म्हणत. देडे आपला कोकोमच्या खिडकीखालून वाकून ये-जा करायचा.

मग एक दिवस लिलिस कुंपणाशी येऊन जरा चाचरतच म्हणाली, "अबाह, खेळाची नवी आवृत्ती येतेय. सूत्र बदलणार आहेत."

"बदलू देत. चिओमनचं काय?"

"आकडा तोच राहील. तुम्ही दिलेलं नाव आणि बांधकामही राहील. जमीन आणि जनावरं मात्र नव्याने होतील. कशी, ते त्या परदेशी कंपनीलाही माहीत नाही."

"आणि हे प्रमुखांना न विचारता?"

"कोट्यवधी ग्रहांचे प्रमुख, अबाह. कुणाकुणाला विचारतील?"

त्या आठवड्यात अबाहंना जेवण गेलं नाही. एकदा गल्ली गेली होती, आता ग्रह. बू एंतिनने चिंचेची आंबट आमटी केली, तीही वाटीत तशीच राहिली.

नवी आवृत्ती आली. अबाह चिओमनवर उतरले, म्हणजे बुडालेच. चहूकडे समुद्र. चौकी तळाशी गेलेली. पाण्याच्या वर फक्त पाटी. एक जनावर नाही, बुडबुडासुद्धा नाही.

"निदान नाव तरी आता खरं झालं," बू एंतिन मागून म्हणाली. अबाहंनी यान पाटीकडे वळवलं.

तेवढ्यात एक अनोळखी यान पाटीशेजारी येऊन तरंगलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. "मी मकास्सार शहरातला. पाटी वाचली. नोंद करायला आलोय, प्रमुखसाहेब."

अबाहंनी आधी पाठ ताठ केली, मग एका बोटाने टाइप केलं. "कुणाकडे आलात?"

"कुणाकडेच नाही. इथे कुणी राहतं का?"

अबाहंनी एकदा त्या पाण्याकडे बघितलं. मग लिहिलं, "मी राहतो. थांबा हवं तितकं."

पाहुणा हसल्याचं चित्र टाकून निघून गेला. त्याने गंमत केली होती हे गल्लीतल्या मांजरालाही कळलं असतं. अबाहंना कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी पडदा बंद केला, इस्त्रीचा, मानाच्या प्रसंगी घालायचा बाटिक शर्ट चढवला, आणि भात खाणाऱ्या देडेला दंडाला धरून उठवून कोकोमच्या दारात नेलं.

कोकोम कढईपाशी होती. भजी उलटतच म्हणाली, "चोवीस तास केव्हाच उलटून गेले, अबाह."

"नियम गल्लीला मी लावलाय. मला नको शिकवू."

"बरं. कुणाकडे आलेत? किती दिवस?"

"माझ्याकडे," अबाह म्हणाले. "दिवसांचं त्याच्या बहिणीला विचार."

तिने दोघांपुढे भज्यांची बशी सरकवली. "लिलिस सांगत होती, तुमच्या ग्रहावर माझ्या नावाचं जनावर आहे म्हणे."

देडेने भजं तोंडाशीच धरून ठेवलं.

"होतं," अबाह बशीकडे बघत म्हणाले. "वाहून गेलं."

"मग दुसऱ्या एखाद्याला द्या नाव. या वेळी जरा नाकीडोळी बघून."

"बघू," अबाह भजं उचलत म्हणाले. "आधी त्या जनावराला येऊन नोंद तर करू दे."