हिरव्या बायांचं कॅलेंडर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. छपाईतल्या गमती कोणी विचारल्या, की लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव कसं गेलं ते सांगतो आणि वेळ मारून नेतो. आता वय झालं. ज्याची चूक त्याच्या नावावर लागलेली बरी.

रावेरचे आबा माझ्या टेबलाशी उभे होते. हातात कॅलेंडरचं प्रूफ होतं आणि तोंडावर नाराजी.

मी जळगावच्या एका प्रेसमध्ये प्रीप्रेसला होतो. मूळ चित्र स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर रंग जुळवायचे आणि मशीनवर चढवण्याआधी एक नमुना काढून दाखवायचा, हे माझं काम. त्या नमुन्याला प्रूफ म्हणतात. त्यावर ओके झालं की मशीन सुरू.

आबा केळीचे आडतदार. दरवर्षी गिऱ्हाइकांना देवांचं कॅलेंडर वाटायचे. त्या वर्षी आमच्या मालकांनी, भाऊंनी, त्यांना आग्रह करून लीलाअक्कांची चित्रं घ्यायला लावली. अक्का धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर तापीकाठचं. आयुष्यभर त्यांनी एकच विषय काढला: बाई आणि झाडं. केळीच्या पानावर पानासारखीच पसरून झोपलेली बाई. न्हाऊन केस मोकळे सोडलेली, आणि केसांची टोकं जमिनीत मुळं होऊन गेलेली. एकीच्या खांद्यावरून नदी उतरत होती आणि ती निवांत दळण दळत होती. स्वप्नात जसं कशाचंच नवल वाटत नाही, तसं ती चित्रं बघताना व्हायचं. सगळ्या बायांची कातडी पानाच्याच रंगाची, हिरवी.

ही चित्रं शाळेच्या भिंतीपलीकडे कधी गेली नव्हती. आता ती घराघरांत लागणार होती. चित्रं द्यायला अक्का स्वतः एसटीने आल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती. जाताना मला अहिराणी वळणाने म्हणाल्या, "सांभाळा. एवढंच शे माझ्यापाशी."

प्रूफ उत्तम आलं होतं. अक्कांचा हिरवा जसाच्या तसा उतरला होता. आबांना तोच खुपत होता.

"बाया हिरव्या कशा काय?" ते म्हणाले. "लोक मले म्हनतीन, आबानं भिंतीवर चेटकिनी टांगल्या. जरा गोऱ्या कर."

मी म्हणालो, चित्रकाराला विचारावं लागेल. ते म्हणाले, "विचार ना. पन गोऱ्या कर."

छपाईत चारच शाया असतात: निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. कातडीतली निळी उतरवली आणि गुलाबी चढवली, की हिरवी बाई गोरी होते. अवघड काही नाही. पण त्यासाठी आधी बाईभोवती कड आखावी लागते, म्हणजे रंग तेवढ्याच भागात बदलतो. अक्कांच्या चित्रात कड नव्हतीच. मनगट कुठे संपलं आणि देठ कुठे सुरू झाला, ते त्यांनी मुद्दामच ठरवलं नव्हतं. ते मी ठरवलं. माउस धरून एकेक बाई पानातून कापून काढली. खोटं कशाला बोलू, काम करताना मजा आली. हात चांगला होता माझा. चित्र सुधारतंय असंच वाटत होतं.

भाऊंनी विचारलं, "अक्कांना दाखवलं ना?"

मी हो म्हणालो. धुळ्याला प्रूफ पाठवलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कॅलेंडर गाजलं. न्हाव्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत, नशिराबादच्या ढाब्यावर, जिथे जावं तिथे त्या गोऱ्या बाया. आबा खुशीत होते. मग एक दिवस अक्का प्रेसमध्ये आल्या. कॅलेंडर माझ्या टेबलावर पसरलं. रागावल्या नाहीत. गुळगुळीत कागदावरून बोट फिरवत अहिराणीत म्हणाल्या, "मन्ही बाईनी साल कोनी काढी, भाऊ?" माझ्या बाईची कातडी कोणी सोलली, असं त्या मला विचारत होत्या.

आमचे मालक भाऊ आतल्या केबिनमध्ये बसले होते. दार उघडं होतं. खरं बोललो असतो तर नोकरीवर आलं असतं. मी म्हणालो, "अक्का, असा हिरवा छपाईत धरत नाही. मशीनची मर्यादा आहे. तुमचे रंगच त्या जातीचे नाहीत."

"कधीच नाही धरत?"

"नाही."

त्यांनी कॅलेंडरची घडी केली. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. आम्हाला कोण सांगणार." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. छपाईतलं मला कळतं, एवढ्याच कारणासाठी.

त्यानंतर भेट नाही. मी निवृत्त झालो. दोन हिवाळ्यांमागे पेपरात वाचलं, की धुळ्यात अक्कांचं प्रदर्शन आहे. सकाळची एसटी धरली. मनाशी वाक्य जुळवूनच निघालो होतो.

हॉलमध्ये गर्दी होती. विषय तोच, बाई आणि झाडं. पण बाया गोऱ्यापान, गुलाबी. प्रत्येकीभोवती नीट, बारीक, गडद कड. झाड मागे उभं, बाई पुढे उभी. फोटो काढायला थांबल्यासारखी. लोक वा वा करत होते. मी एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे गेलो आणि कुठेच थांबवेना.

अक्कांनी मला ओळखलं. हाताला धरून पाहुण्यांपुढे नेलं. "हे जळगावचे छपाईवाले भाऊ. यांनी माझे डोळे उघडले. नाहीतर हिरव्या बाया काढत बसले असते मी."

मी जुन्या चित्रांचं विचारलं. त्या हसल्या. "माळ्यावर असतील. जे छापता येत नाही ते काढायचं कशाला?"

मी म्हणालो, "अक्का, तेव्हा..." तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. त्यांनी मला शेजारी उभं केलं. मी उभा राहिलो, हसलोसुद्धा.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी एक सांगतो. प्रूफवर पैसे देणाऱ्याची सही घ्याच, पण चित्र काढणाऱ्याचीही घ्या. आणि आपली चूक मशीनवर ढकलू नका. मशीनला कोणी उलटून विचारत नाही, म्हणून ते खोटं टिकतं.

अक्का आता थकल्यात, पण रोज रंग कालवतात म्हणे. गेल्या महिन्यात फोन केला. त्यांनीच उचलला. म्हणायचं होतं ते एवढंच: अक्का, तुमचा हिरवा छापता येत होता, मी खोटं बोललो, मला माफ करा. त्या दोनदा म्हणाल्या, "बोला ना भाऊ."

मी विचारलं, तिकडे थंडी कशी आहे.