कोरा चेहरा

विद्यापीठात लहान मुलांवर संशोधन करणाऱ्या विभागात मदतनिसाची जागा निघाली. मावशींना वाटलं, बाळं सांभाळायची असतील. सारी आळी त्यांना मावशीच म्हणे. लेक हसली, "घे, आता पगारी मावशी."

काम वेगळंच निघालं. बिनखिडकीच्या खोलीत बाळाला उंच खुर्चीत बसवायचं, त्याच्याशी खेळायचं आणि त्याच्या पाठीमागचा दिवा लागला की आपला चेहरा पुसून टाकायचा. राग नाही, हसू नाही. नुसतं बघायचं. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, मग घाबरून रडतं. कॅमेरा सगळं टिपतो. दिवा विझला की परत यायचं, म्हणजे हसून त्याला उचलून घ्यायचं.

"परत येणं चुकवू नका हं," संशोधक बाईंनी बजावलं होतं.

सध्या हंगामी घेतलेल्या बायकांतून चाचणी घेऊन एकीलाच कायम करणार होते. नवरा गेल्यापासून मावशी लेकीकडे राहत. तिथला घास त्यांना घशाखाली उतरत नसे. ही नोकरी त्यांना हवीच होती. पण बाळ रडलं की त्यांचे ओठ थरथरत.

दुपारी लेक कामावर गेली की तान्ही नात त्यांच्याकडेच असे. मावशींनी तिच्यासमोर सराव सुरू केला. पहिले काही दिवस ती रडून रडून निळी पडे. मावशी हलत नसत. परत येणं तेवढं राहून जाई. चाचणी स्थिर राहण्याची होती, हसण्याचा सराव कशाला? पुढे पुढे दुपारभर तोच चेहरा राहू लागला. दूध पाजताना, कपडे बदलताना. मग नातीचं रडणं थांबलं. दोघी समोरासमोर बसून राहत. घरात फक्त नळ ठिबकत असे.

"किती गुणी झालीये गं ही," लेक म्हणाली. "काय जादू केलीस?"

"माझ्या वळणावर गेलीये."

चाचणीत बाळांनी खोली डोक्यावर घेतली. मावशींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तुम्ही म्हणजे भिंत आहात, भिंत!" बाई खूश झाल्या.

मावशी घरी आल्या त्या दारातूनच ओरडत. "लागली! कायमची लागली!" हसू तोंडात मावत नव्हतं. त्यांनी लेकीच्या कडेवरच्या नातीसाठी हात पसरले.

नातीने किंकाळी फोडली.

"अगं, आजी आहे, आजी!" लेक तिला पुढे करू लागली, तशी ती आईच्या मानेत नखं रुतवून घुसली. मावशी आणखी हसल्या, टिचक्या वाजवल्या, गाल फुगवले. पोर काळीनिळी झाली.

काही न ठरवताच मावशींचा चेहरा पुसला गेला.

रडणं तुटलं. नातीने हळूच मान वळवली. तो चेहरा सापडताच ती बोळक्या तोंडाने हसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

लेक आईकडे बघतच राहिली. मावशींचा श्वाससुद्धा दिसत नव्हता.

"आई," ती पुटपुटली, "ही झोपेपर्यंत... अशीच राहा."