बावन्न वीर आणि एक फितूर

माझे सासरे ओब्रेन जेवताना बोलले तरी दहा अक्षरांत बोलायचे. "मीठ दे गं, घेवडा अळणी." लढाईच्या गाण्यातली ओळ दहा अक्षरांची असते आणि चाळीस वर्षं तेच केल्यावर जीभ दुसऱ्या मापाने चालेना. बोलता बोलता त्यांची बोटं मांडीवर मोजत असायची. सासूबाई, म्हणजे कोसारा, म्हणायच्या, "बोलतो दहा मोजून, ऐकत मात्र एकही नाही."

शेती जेमतेम, मेंढ्या बारा, पण आमच्या द्रेनोव डोमध्ये आणि आसपासच्या पाच गावांत घराच्या संताचा सण असला की गायला ओब्रेनच हवा. गुसले हे वाद्य गुडघ्यांत धरायचं, डोळे मिटायचे आणि एवढा लांब "एऽऽऽ" लावायचा की म्हातारी माणसं तेवढ्यात एक डुलकी काढून घेत. गुसलेला तार एकच, तीही घोड्याच्या शेपटीच्या केसांची, आणि घोडा नरच हवा हा त्यांचा हट्ट. असे केस उपटताना एका घोड्याने त्यांचे पुढचे दोन दात पाडले. त्यानंतर आवाजाला धार आली असं ते सांगायचे. वाद्याच्या मानेवर ससाणा कोरलेला असतो. तो त्यांनी स्वतःच्या हाताने कोरला होता. सगळा गाव त्याला कोंबडी म्हणायचा.

मी रोज रात्री वहीत लिहिते. कुठला संत, कुठला उपास, कोण आलं, काय शिजलं. चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात मात्र वहीत भलतंच बरंच आलं आहे. ते इथे नीट लावून लिहिते.

ओब्रेनचं सगळ्यात मोठं गाणं आमच्याच नदीच्या उतारावरच्या, म्हणजे नदी पायी ओलांडता येते त्या जागेवरच्या, लढाईचं. पणजोबांच्या काळी तुर्कांची तुकडी रात्री नदी ओलांडून आली, गावच्या माणसांनी तिला अडवलं. ज्या म्हाताऱ्याकडून ते हे गाणं शिकले त्याच्या गाण्यात चौदा वीर होते. ओब्रेनकडे येईपर्यंत बावन्न झाले. कुणाच्या सणाला गेलं की यजमान ग्लास भरताना म्हणायचा, "ओब्रेनभाऊ, आमचा पणजाही होता म्हणे त्या रात्री." दुसऱ्या ग्लासाला तो होताच. तिसऱ्याला जखमी व्हायचा. तुर्क तेवढे तीसचे तीस राहिले, कारण त्यांच्या वतीने कोणी बोलणारं नव्हतं.

आमचा स्वतःचा पणजोबा राडोया त्यात पांढऱ्या घोड्यावर बसून सर्वांत आधी पाण्यात उडी घेई. सासूबाई दर वेळी हळूच म्हणत, "या घरात कधी गाढवसुद्धा नव्हतं."

आणि एक फितूर होता. लढाईच्या गाण्यात फितूर हवाच, नाहीतर शत्रूला वाट कोण दाखवणार? वाट दाखवली विदोसावने. विदोसाव म्हणजे आमच्या शेजारच्या विलोतियेकाकांचा पणजोबा. चाळीस वर्षं काका प्रत्येक पंगतीत ती ओळ ऐकत आले. ती जवळ आली की ते बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवत. गावातले बैल पाणी पिऊन पिऊन फुगले, पण काका कधी एक शब्द बोलले नाहीत.

बोलायची वेळ आली ती संत पेत्रच्या सणाआधीच्या उपासात. बेलग्रेडहून एका बाईंचं पत्र आलं. त्या टेपचं यंत्र घेऊन बुधवारी येणार, शाळेत गाणं घेणार, आणि मग ते संग्रहात कायमचं राहणार, रेडिओवरही लागणार. एका रिळावर अर्धा तास मावतो, असंही लिहिलं होतं. ओब्रेनचं गाणं दीड तासाचं.

पत्र मास्तरांनी दुकानात मोठ्याने वाचलं ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात रांग. आपला पणजा त्या अर्ध्या तासात राहावा म्हणून प्रत्येकाच्या हातात धुरावलेली तंगडी, चीज, अंडी. आणि उपास चालू! तेल-घेवड्याशिवाय घरात काही शिजत नव्हतं आणि माळ्यावर सहा तंगड्या लटकत होत्या. मी येता-जाता छातीवर क्रुसाची खूण करायची. मामंजी येता-जाता माळ्याकडे बघायचे.

"मामंजी, रविवारपर्यंत धीर धरा."

"फक्त वास घेतो, सूनबाई." हीही ओळ दहाचीच भरली. सोमवारी एका तंगडीला कोपरा नव्हता. उंदीर, म्हणाले. उंदराकडे चाकू होता असं दिसत होतं.

त्याच संध्याकाळी विलोतियेकाका आले. रिकाम्या हातांनी. टोपी काढून बसले, माझ्या पाळण्यातल्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं. ती दोन महिन्यांची, पेत्रच्या सणाला, रविवारी, तिचा बाप्तिस्मा. आमच्या दोन घरांचं धर्मनातं पिढ्यांचं. आमचं मूल काकांच्या घरच्याने चर्चमध्ये हातात धरायचं आणि नाव त्यानेच ठेवायचं. माझ्या नवऱ्याचं नावही त्यांनीच ठेवलेलं.

"ओब्रेन, पंगतीत गातोस ते हवेत जातं. मी बैलांना पाणी पाजून येतो, झालं. पण ते यंत्र काही विसरत नाही. माझ्या विदोसावला काढ."

"अरे, फितुराशिवाय गाणं पुढे कसं सरकेल? तुर्क काय स्वतःहून उतार शोधणार?"

"दुसरा कोणी घाल."

"कोणाला? सांग ना! बावन्न घरं तंगड्या घेऊन उभी आहेत. विचारतो एकेकाला, तुमचा पणजा फितूर चालेल का?"

काकांनी टोपी घातली. "मग रविवारी मला चर्चमध्ये शोधू नकोस. फितुराच्या हातात नातीला कशाला देतोस?"

माझ्या हातातली परात खाली पडली. धर्मपित्याने हात काढून घेणं याहून मोठं पाप आमच्याकडे नाही, आणि लेकरू बिननावाचं राहणार. मी देवाच्या तसबिरीपुढचा दिवा लावला आणि सासूबाईंजवळ जाऊन रडले.

सासूबाई कोबी चिरत होत्या. "रडतेस काय! विदोसाव फितूर कसा झाला ते तुला माहीत आहे?"

"लढाईत..."

"कसली लढाई! म्हाताऱ्याच्या गाण्यात फितुराला नावच नव्हतं. 'गावातला एक' एवढंच. मी सतरा वर्षांची असताना जत्रेत विलोतियेने मला मधाच्या पिठाचं लाल बदाम, पत्त्यांतलं असतं तसं, घेऊन दिलं. मधे आरसा बसवलेलं. पुढच्याच रविवारी याने गायलं, वाट दाखवली विदोसावने. आणि पंधरा दिवसांत मला मागणी घातली."

"चाळीस वर्षं? एका बदामासाठी?"

"छान होतं गं ते," सासूबाई म्हणाल्या. मग सुरी घेऊनच ओसरीवर गेल्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"ओब्रेन, विदोसावला काढ."

"कोसारा, गाणं म्हणजे काही..."

"नाहीतर बुधवारी मी त्या यंत्रापुढे बसते आणि लाल बदामाची गोष्ट सांगते. मला मोजून बोलता येत नाही, पण अर्ध्या तासात मावेल."

मी दारातून डोकावले, तर पहिल्यांदाच मामंजींची बोटं थांबलेली दिसली.

बुधवारी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. बाई तरुण, चष्मा लावलेल्या, यंत्राची चाकं फिरवत म्हणाल्या, "आजोबा, मी बोट वर केलं की सुरू, आणि पाच मिनिटं राहिली की पुन्हा वर करीन." विलोतियेकाका दाराशी उभे. बाहेर बैल नव्हते, तरी ते दाराशीच.

मामंजींनी "एऽऽऽ" लावला. बाईंनी घड्याळ पाहिलं, कारण त्यातच अडीच मिनिटं गेली. मग वीर यायला लागले. ज्याचा पणजा आला तो मान ताठ करी, ज्याचा राहिला तो शेजाऱ्याच्या कानात तंगडीचं वजन सांगे. आणि मग ती ओळ. मामंजींनी डोळे उघडले, जे गाताना ते कधीच उघडत नसत, आणि गायले की शत्रूला उतार दाखवला तो राडोयाने.

राडोया म्हणजे आमचा राडोया! स्वतःच्या पणजोबाला फितूर करणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. माझ्या नवऱ्याने डोक्याला हात लावला. सासूबाई मात्र पुढच्या बाकावर मांडीवर हात ठेवून, लग्नात बसतात तशा बसल्या होत्या.

घोटाळा पुढे झाला. राडोया फितूर झाला, पण पांढऱ्या घोड्यावर बसून पाण्यात उडी घेणाराही राडोयाच! ती ओळ समोर येऊन उभी राहिली आणि त्याच क्षणी बाईंनी बोट वर केलं. मामंजी गडबडले. एकच माणूस दोन्हीकडून कसा लढेल? शेवटी त्यांनी घोडा एकटाच पाण्यात सोडला. पांढरा घोडा, खोगीर रिकामं, लगाम पाण्यात लोळतोय, आणि तो तीन तुर्कांना लाथा घालतो. मागून कोणीतरी म्हणालं, "शाबास! याला तरी तंगडी आणणारा पणतू नव्हता."

रीळ संपलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी. "स्वार नसलेला घोडा! आजोबा, हे किती जुनं असेल?"

"बरंच जुनं," मामंजी घाम पुसत म्हणाले. "जवळजवळ पाच मिनिटं" हे त्यांनी घरी येऊन सांगितलं. बाई चारच्या बसने गेल्या, रीळही गेलं.

आता काका रविवारी येणार म्हणून मी मोकळी झाले. गुरुवारी सकाळी काका आले, पण तोंड कालच्यापेक्षा लांब.

"ओब्रेन, माझा विदोसाव कुठे गेला?"

"काढला. तूच म्हणालास."

"फितुरीतून काढ म्हणालो. गाण्यातून काढ कधी म्हणालो?"

"अरे देवा."

"सगळ्या गावाचे पणजे लढतायत, तुझा पणजा वाट दाखवतोय, घोडासुद्धा आहे, आणि माझा विदोसाव? तो काय घरी झोपला होता? चाळीस वर्षं निदान त्याचं नाव तरी घेत होतास!"

"मग रात्रभर मी काय झोपलो? माझ्या पणजोबाची माती केली तुझ्यासाठी!"

"माझ्यासाठी? बायकोच्या धाकाने!" म्हणजे काकांना कळलं होतं. सासूबाईंनी बुधवारीच विहिरीवर सांगून टाकलं होतं, यंत्राची गरजच पडली नाही. काका दार आपटून गेले. रविवारी येणार की नाही, हे कोणी विचारू शकलं नाही. शुक्रवार-शनिवार मी पाण्यावर काढला. उपास होताच, पण घास उतरतही नव्हता.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवा तयार, पाणी तयार, धर्मपित्याची जागा रिकामी. बुवांनी दोनदा घसा साफ केला. माझ्या मनात नाव होतं पेत्रा, सणाचं. सासूबाईंच्या मनात त्यांच्या आईचं. अर्थात मनात काहीही असलं तरी धर्मपिता बोलेल तेच नाव. एकदा उच्चारलं की बाप मध्ये पडू शकत नाही, बुवाही नाहीत.

काका आले. काळा कोट, पांढरा सदरा, मेणबत्ती हातात. कोणाकडेही न बघता मुलीला माझ्याकडून घेतलं.

"नाव काय?" बुवांनी विचारलं.

काकांनी मामंजींकडे पाहिलं आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाले, "विदोसावा."

मागे कोणीतरी खोकलं. मग सगळेच खोकले. मामंजींची बोटं मांडीवर हलायला लागली होती, आणि बुवा नाव तीनदा म्हणत होते, पाणी तीनदा घालत होते. माझी मुलगी एकदाच ओरडली. मला काय वाटलं हे लिहायला त्या दिवशी वहीत जागा सोडली होती, ती अजून तशीच आहे. त्याच्याखाली लिहिलं आहे, बाप्तिस्मा झाला, देवाची कृपा, तंगड्या सहाच्या सहा संपल्या.

जेवताना मामंजी काकांच्या शेजारी बसले. दोन ग्लास झाले, तरी दोघं पानातच बघत होते.

"विलोतिये," मामंजी शेवटी म्हणाले, "माझ्याकडे एक घोडा मोकळा आहे."

"कुठला?"

"पांढरा."

काकांनी हाड ताटात ठेवलं. "खोगीर आहे?"

"आहे. लगाम तेवढा भिजलाय."

"मग आधी का नाही बोललास, गाढवा!"

त्या दिवशी अंगणात ओब्रेन पुन्हा गायले, सगळा दीड तास, आणि विदोसावने पांढऱ्या घोड्यावर बसून पाण्यात उडी घेतली. ती ओळ आली तेव्हा काका जागेवर बसून होते, पहिल्यांदाच. सासूबाई मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं गाऊन यांनी घरात काय आणलं, तर फितूर." पण त्याही हसत होत्या.

ओब्रेन त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि गाणं असंच गायले. मात्र संग्रहातलं गाणं तेच राहिलं. बाईंनी एकदा पत्रही पाठवलं. रिकाम्या खोगिरावर त्यांनी मोठा लेख लिहिला होता, लोकांना तो फार आवडला म्हणे. मामंजींनी मास्तरांकडून पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, यापुढे विसरण्याचा सराव ठेवायला हवा.

ते गेल्यावरच्या हिवाळ्यात रेडिओवर तो अर्धा तास लागला. दुकानात सगळा गाव जमला होता, विलोतियेकाका काठी टेकत आले होते, माझी विदोसावा त्यांच्या मांडीशेजारी. राडोयाने उतार दाखवला तेव्हा सगळ्यांनी आमच्याकडे बघून टोप्या हलवल्या. मग ओब्रेनचा आवाज थोडा अडखळला आणि पांढरा घोडा एकटाच पाण्याकडे निघाला. काका काठी आपटून उठले आणि रेडिओवर ओरडले, "अरे, बस लवकर, विदोसाव! चालला तो!" आणि मग सगळं दुकान ओरडायला लागलं, बस, बस, म्हणून, इतकं की पुढची लढाई कोणाला ऐकूच आली नाही.