बाथरूमची कडी

एका रविवारी मी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. बाथरूमचीसुद्धा. बायको म्हणाली, "अहो, हे काय नवीन?" मी म्हटलं, "सेफ्टी." अग्निशामक दलात वीस वर्षं घालवलेल्या माणसाने सेफ्टी म्हटलं की घरात कुणी वाद घालत नाही.

आमची मुलगी सतरा वर्षांची आहे. तिने तीन दिवस दाराला आतून भरलेली बादली लावून आंघोळ केली. चौथ्या दिवशी मी दारावर थाप मारली. उत्तर यायला जरा उशीर झाला, तर मी दार ढकललं. वीतभरच उघडलं असेल, पण ती किंचाळली आणि सगळी गल्ली गोळा झाली. आमच्या चामराजपेटेत घरं एकमेकांना खेटून आहेत, कुणाकडे काय झालं ते लपत नाही. त्याच संध्याकाळी ती कॉलेजची बॅग घेऊन आनेकल गावी माझ्या अक्काकडे निघून गेली. "कडी लागली की येते," एवढंच बोलली. मला तिचा भयंकर राग आला. तिचं बरोबर आहे हे कळत होतं, म्हणून जास्तच आला.

त्याच्या दोन महिने आधी आम्ही एका गोदामाच्या आगीवर गेलो होतो. दुपारची वेळ होती. दोन कामगार जेवून, शटर आतून बंद करून झोपले होते. आम्ही शटर कापलं तेव्हा दोघंही गेलेले होते. पुढे मी नीट जेवत होतो, ड्युटीवर जात होतो. बंद दार दिसलं की मात्र हाताला घाम सुटायचा. आमच्याकडे सकाळच्या हजेरीला साहेब विचारतात, सगळं ठीक? सगळे एका सुरात म्हणतात, "सरी सर." सरी म्हणजे कानडीत ठीक. ताप असला तरी सरी, घरात कुणी गेलं असलं तरी सरी. मीही सरीच म्हणत होतो.

मुलगी गेल्यावर बायकोने मला धरून एचएसआर लेआउट भागातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्या पुण्याच्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. मराठीत बोलणारी डॉक्टर मिळाली म्हणून बायको खूश होती. मला वाटलं, ही बाई इंग्रजीच बोलते आहे, मधूनमधून मराठी टाकते. माझं कानडी वळणाचं मराठी ऐकून त्यांना काय वाटलं असेल ते देव जाणे.

"त्या दिवशी काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दुपारी कॉल आला. आमची पार्टी बंब घेऊन पोचली. कटरने शटर कापलं. दोन इसम मृत."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"पार्टीत."

"पार्टीचं सोडा. तुम्ही काय करत होतात?"

मी घड्याळाकडे बघितलं. रिपोर्ट देऊन झाला होता, आणखी काय सांगायचं?

त्यांनी घरचा अभ्यास दिला. बाथरूमची कडी परत बसवायची. रोज बायकोने आत जाऊन कडी लावायची, मी बाहेर खुर्चीवर वीस मिनिटं बसायचं आणि भीती दहापैकी किती ते वहीत लिहायचं. "भीती वर जाईल आणि मग आपोआप खाली येईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही करायचं नाही. फक्त बसायचं."

पहिल्या दिवशी मी नऊ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तीन. मग दोन, दोन, दोन. बायकोला वाटलं, नवरा हुशार निघाला. नवव्या दिवशी तिने आतून कडी काढून दार ओढलं आणि अख्खं दार तिच्या अंगावर आलं.

झालं होतं असं, की पहिल्याच संध्याकाळी मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून टाकले होते. प्रत्येकीत एकेक ठेवला होता, तोही अर्धवट. खुर्चीखाली गोणपाटात पहार गुंडाळून ठेवली होती. कुठे पहार घालायची, किती धक्क्यांत दार पडेल, हे सगळं मनात पक्कं होतं. भीती वाटेलच कशी?

बायकोने हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या आधी खळखळून हसल्या, मग एकदम थांबल्या. "तुम्ही बाहेर बसलाच नव्हतात. तुम्ही ड्युटीवर होतात. असं शंभर दिवस केलंत, तरी तुमच्या मनाला एवढंच कळणार की पहार होती म्हणून बायको वाचली."

माझं डोकं फिरलं. मी उठलो. म्हटलं, "पहार नको, तर मग काय हात जोडून बसू? त्या दिवशी शटर मी कापलं. लॉक डावीकडे असेल असं मला वाटलं, मी डावीकडून सुरुवात केली. ते उजवीकडे होतं. आतून थापा येत होत्या. कटर चालू असताना काही ऐकू येत नाही, म्हणून मी मध्येच तो बंद केला, थाप कुठून येते ते ऐकायला. थाप नव्हती."

मी परत खुर्चीत बसलो. बायकोने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. वीस वर्षांत तिने मला रडताना पाहिलं नव्हतं, तेही त्या दिवशी पाहिलं.

मॅडमनी ती हकीकत माझ्याकडून पुढच्या आठवड्यात पुन्हा वदवून घेतली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. सहा आठवडे तेच. मला त्यांचा फार राग यायचा. बिजागऱ्या मी घट्ट केल्या, पहार फायर स्टेशनात नेऊन ठेवली. वहीत आता खरे आकडे येऊ लागले. नऊ, नऊ, आठ. बऱ्याच दिवसांनी पाच. मग मी आनेकलला फोन केला.

मुलगी रविवारी आली. आल्या आल्या तिने कडी हलवून बघितली आणि टॉवेल घेऊन आत गेली. मी खुर्चीवर बसलो. पाण्याचा आवाज येईना. हाक मारावीशी वाटली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वहीत नऊ लिहिलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. केस कोरडे होते.

"अप्पा, मी कडी लावलीच नव्हती."

"का?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून. नुसती उभी होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कडीसाठी तिने घर सोडलं, तीच ती माझ्यासाठी न लावता आत उभी राहिली होती. मी तिचा बाप. सांभाळायचं कुणी कुणाला?

"परत आत जा," मी म्हटलं. "कडी लाव. सावकाश आंघोळ कर, स्वल्पही घाई करू नकोस."

तिने आईकडे बघितलं. मग ती आत गेली. कडी सरकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मी वहीत दहा लिहिलं आणि बसून राहिलो.